मुदतीचा मुक्काम

बेंगळुरूच्या आग्नेय भागात कोरमंगला नावाची वसाहत आहे. आठ ब्लॉकांत विभागलेल्या या परिसरात सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आणि ज्योती निवास महाविद्यालय आहे. लगतच्या होसूर रस्त्यावर ख्राइस्ट विद्यापीठ आहे. साहजिकच येथील गल्ल्यांत विद्यार्थ्यांची वस्ती मोठी. नागपूर, नाशिक, सांगली, बेळगाव अशा गावांहून आलेली मराठी मुले-मुलीही येथे पेइंग गेस्ट म्हणून राहतात, दोन-तीन वर्षे शिकतात किंवा नोकरी करतात आणि त्यांच्यापैकी काही जण पुढे परदेशी विद्यापीठांत जातात. जुलै-ऑगस्टच्या सुमारास अशा एखाद्या खोलीत डोकावले, तर वजनकाट्याला अडकवलेली बॅग हमखास दिसते. विमान कंपनीने घालून दिलेल्या तेवीस किलोंत प्रेशर कुकर बसवायचा की जाडजूड पुस्तके, यावर खल चाललेला असतो. बहुतेक वेळा कुकर जिंकतो.

परदेशातील शिक्षणाविषयी आपण बोलतो तेव्हा देश कोणता, विद्यापीठ कोणते, खर्च किती, एवढ्याच गोष्टींची चर्चा होते. जाणाऱ्याच्या हातातील कागदपत्रे मात्र निराळेच काही सांगतात. व्हिसावर एक तारीख असते. शिष्यवृत्तीच्या पत्रावर एक तारीख असते. कर्जाच्या करारावर तर दोन असतात: पैसे कोणत्या दिवशी मिळणार आणि ते कोणत्या दिवसापासून फेडायचे. विद्यार्थी परदेशात राहतो तो अशा तारखांच्या मध्ये. त्याला मिळालेला वेळ कोणीतरी पैसे मोजून दिलेला असतो, म्हणून तो मोजका असतो. परदेशात शिकून आलेल्यांचे अनुभव एकमेकांपासून कितीही भिन्न असले, तरी ही मुदत सगळ्यांच्या अनुभवात आढळते. आणि ती कोणी दिली, कोणत्या अटीवर दिली, यावर पुढचे बरेच काही ठरते. नोकरी किंवा घरकाम सांभाळून मुक्त विद्यालयाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या तुम्हाला मोजका वेळ म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कोरमंगलाच्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये भारतीय ताराभौतिकी संस्थेचे मुख्यालय आहे. ही संस्था ज्यांनी नावारूपास आणली ते वेणू बाप्पू स्वतः परदेशात शिकून आलेले होते. त्यांचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत काम करीत, त्यामुळे दुर्बिणीशी त्यांची ओळख बालपणीच झाली. हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते १९४९ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. तेथे जाऊन काही महिने होतात न होतात तोच, २ जुलै १९४९ रोजी, वेधशाळेतील एका छायाचित्र-काचेवर त्यांना एक अनोळखी वस्तू दिसली. ती धूमकेतू निघाली. त्यांचे प्राध्यापक बार्ट बॉक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्या नावांसह तो धूमकेतू बाप्पू-बॉक-न्यूकर्क या नावाने नोंदला गेला. तेव्हा बाप्पूंना बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

या घटनेत योगायोगाचा भाग आहेच. परंतु उत्तम दुर्बीण, काचा नियमाने तपासण्याची शिस्त आणि शंका आली की त्याच रात्री विचारता येईल असा जाणकार माणूस, या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी असल्याशिवाय असा योगायोग उपयोगी पडत नाही. परदेशी विद्यापीठ विद्यार्थ्याला देते ते मुख्यतः हे. पुस्तके तर टपालानेही मागवता येतात. बाप्पूंनी १९५२ मध्ये डॉक्टरेट मिळवली, पुढे कॅलिफोर्नियातील पालोमार येथे काही काळ संशोधन केले आणि १९५३ मध्ये ते भारतात परतले. पालोमारला ऑलिन विल्सन यांच्यासमवेत केलेल्या कामातून ताऱ्यांच्या वर्णपटातील एका रेषेच्या रुंदीवरून ताऱ्याची मूळ तेजस्विता अजमावण्याची रीत हाती आली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध विल्सन-बाप्पू परिणाम म्हणून ओळखला जातो. ते परतले तेव्हा त्या तोडीची दुर्बीण देशात नव्हती. नैनितालच्या वेधशाळेची उभारणी, १९६० पासून कोडाईकनाल वेधशाळेचे संचालकपद आणि नंतर तामिळनाडूतील कावलूर येथे नवी वेधशाळा, असे त्यांचे आयुष्य गेले. कावलूरसाठी त्यांनी योजलेल्या २.३४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा आरसा संस्थेच्या बेंगळुरूमधील प्रयोगशाळेत घासून सिद्ध करण्यात आला. १९८२ मध्ये म्युनिक येथे बाप्पूंचे निधन झाले; दुर्बीण १९८६ मध्ये त्यांच्या नावाने कार्यान्वित झाली.

बाप्पूंना मिळालेली मुदत त्यांच्या कामाला पुरली. सर्वांच्याच बाबतीत असे घडत नाही. मुदत अर्ध्यावर संपली तर काय होते, हे समजून घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे वळावे लागेल.

जून १९१३ मध्ये बडोदा संस्थानाशी त्यांचा करार झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सरकारने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली; शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशी अट घातली. बाबासाहेब त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. ज्या समाजात त्यांना वर्गातही वेगळे बसावे लागले होते, त्या समाजाची रचना ते आता एका टेबलाभोवती बसलेल्या विद्वानांना समजावून सांगत होते आणि ऐकणारे त्यांच्या युक्तिवादाचे बरे-वाईट तेवढेच पाहत होते. न्यूयॉर्कने त्यांना पदवी दिली, परंतु विद्यार्थी म्हणून इतरांच्या शेजारी बसण्याचा साधा अनुभव ही त्याहून लहान गोष्ट मानता येणार नाही.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास त्यांनी एकाच वेळी आरंभला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. ती वाढली नाही. १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस; त्यांचे सामान ज्या जहाजातून येत होते ते शत्रूच्या पाणतीराने बुडाले. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमवलेल्या ग्रंथांपैकी अनेक त्याबरोबर गेले.

करारातील अट पाळण्यासाठी ते बडोद्यास रुजू झाले. कोलंबियाच्या या पदवीधराला बडोदा शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी खानावळीत ते उतरले. तेथूनही त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. ज्या नोकरीसाठी संस्थानाने त्यांच्या शिक्षणावर खर्च केला होता, ती नोकरी त्यांना करता येणार नाही अशी व्यवस्था त्याच शहरातील समाजाने करून ठेवली होती. शिष्यवृत्तीच्या करारात विद्यार्थ्याने काय करावे हे लिहिलेले असते. परत आलेल्याला समाजाने कसे वागवावे, याचे कलम त्यात नसते.

पुढची तीन वर्षे त्यांनी पैसे साठवण्यात घालवली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. त्या पगारातील शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. या वेळी ते कोणाचेही शिष्यवृत्तिधारक नव्हते. घड्याळ आता त्यांच्याच खिशातील पैशांवर चालत होते. एका बाजूला मुंबईत चाळीत राहणारे कुटुंब, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय सकाळी उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंतचे तास. १९२१ मध्ये एम. एस्सी., त्यानंतर बॅरिस्टरची सनद आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी. एस्सी. ही पदवी, असा तो प्रवास आहे. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या पत्त्यावर ते ज्या घरात राहत होते, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. आज ते पाहायला येणारे पर्यटक प्रशस्त इमारत पाहतात. त्या घरातील भाडेकरू विद्यार्थ्याची काटकसर डोळ्यांसमोर आणायला थोडी कल्पनाशक्ती लागते.

पैशाची टंचाई बुद्धीने आणि निग्रहाने काही प्रमाणात भरून काढता येते. शरीराचे तसे नसते. आनंदीबाई जोशी यांनी ही किंमत मोजली. कल्याण येथे १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई वयाच्या अठराव्या वर्षी, ७ एप्रिल १८८३ रोजी, कोलकात्याहून जहाजाने निघाल्या. रोझेल नावाच्या अमेरिकेतील लहानशा गावी राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांच्याविषयी एका मिशनरी मासिकात वाचले होते. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना हे मासिक त्यांच्या हाती पडले, असे सांगतात. त्यांनी पत्र लिहिले, उत्तर आले, आणि कधीही न पाहिलेल्या एका मुलीला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लांबूली यांचेही शिक्षण चालू होते. आपापल्या देशाचा पोशाख केलेल्या या तिघींचे १८८५ मधील छायाचित्र तुम्ही कदाचित पाहिले असेल.

नऊवारी लुगड्यात पायांना थंडी लागते म्हणून आनंदीबाईंनी साडी नेसण्याची पद्धत बदलली. आहार त्यांनी बदलला नाही. कडाक्याचा हिवाळा, धुराने कोंदलेली खोली, पुरेसे न पोसले जाणारे शरीर आणि अभ्यासाचा ताण यांत त्यांची प्रकृती ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. त्या परतल्या त्या क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. नेमणुकीच्या जागी त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे.

आनंदीबाईंचे चरित्र आपण बहुधा धैर्याची कथा म्हणून वाचतो, आणि तशी ती आहेच. पण परदेशी जाणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने ती प्रकृतीच्या हिशेबाची कथा म्हणूनही वाचावी. खर्च वाचवण्यासाठी दिवसातून एकदाच जेवणारी, खोली गरम ठेवण्याचे बिल नको म्हणून कुडकुडणारी, डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलणारी मुले आजही असतात. आरोग्य विमा अनेक देशांत सक्तीचा असतो. तो कशासाठी वापरता येतो हे मात्र आजारी पडण्यापूर्वीच वाचून ठेवावे लागते.

बेंगळुरूशी थेट जोडलेली आणखी एक विद्यार्थिनी आहे. दुर्गाबाई भागवत यांना मराठी वाचक लेखिका म्हणून ओळखतात. त्यांची धाकटी बहीण कमला मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये बी. एस्सी. झाली आणि तिने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. स्त्रियांना संशोधनासाठी प्रवेश देण्याची त्यांची तयारी नव्हती. कमला हटली नाही. शेवटी एक वर्ष परीक्षाधीन म्हणून तिला घेण्यात आले. हे वर्ष संपल्यावर तिचे काम पाहून रामन यांनी आपला आग्रह सोडला आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम करून तिने १९३६ मध्ये एम. एस्सी. मिळवली. १९३७ मध्ये ती शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेली. तेथे वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य असते, असे तिने दाखवून दिले. अवघ्या चौदा महिन्यांत, सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधावर, १९३९ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. डॉ. कमला सोहोनी या नावाने पुढे त्यांनी भारतातच संशोधन आणि अध्यापन केले.

हे दोन प्रवेश शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. मुंबईहून बेंगळुरूला येताना कमला भागवत यांना जितका झगडा करावा लागला, तितका समुद्र ओलांडून केंब्रिजला जाताना करावा लागला नाही. ज्याला आपण परदेश म्हणतो तो दर वेळी नकाशावरील अंतराने ठरतोच असे नाही.

आता पुन्हा आजच्या काळाकडे वळू. अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षी भारतीयांची संख्या सर्वांत मोठी होती: ३,३१,६०२. त्यांच्यापैकी पुष्कळांची मुदत ठरवणारा आता राजा नसतो, बँक असते. एक उदाहरण घेऊ. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एखाद्या विद्यार्थ्याने चाळीस लाख रुपयांचे कर्ज अकरा टक्के दराने घेतले. सोयीसाठी सगळी रक्कम आरंभीच घेतली असे मानू. शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यानंतरचे सहा महिने परतफेड सुरू होत नाही. बँकेने दाखवलेली ही सवलत ऐकायला बरी वाटते. या अडीच वर्षांचे सरळ व्याज अकरा लाख होते. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी देणे एक्कावन्न लाखांचे झालेले असते, आणि ते दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे सत्तर हजार रुपये द्यावे लागतात. परदेशात नोकरी लागली तर हा हप्ता जड जात नाही. नोकरी न लागता परत यावे लागले, तर भारतातील पहिल्या पगारात तो बसणे कठीण. आणि मोठ्या कर्जाला तारण म्हणून बहुधा आईवडिलांचे घर किंवा जमीन ठेवलेली असते.

त्यात चलनाचा प्रश्न येतो. २०१४ मध्ये एका डॉलरला साठ रुपयांच्या आसपास मोजावे लागत. २०२४ च्या अखेरीस पंच्याऐंशी. चाळीस हजार डॉलरांचे शुल्क डॉलरांत तसेच राहिले, तरी रुपयांत ते चोवीस लाखांवरून चौतीस लाखांवर गेले. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, म्हणून तिकडे जाण्याकडे ओढा वाढला आहे. पण तेथेही राहण्या-खाण्याच्या खर्चाची एका वर्षाची रक्कम आधी बँकेत अडकवून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि अनुसूचित जातींसह काही वंचित घटकांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. अर्जाची तारीख चुकल्याने पात्र विद्यार्थी मागे राहतो, ही गोष्ट दुर्दैवाने नित्याची आहे.

शिकता शिकता काम करून खर्च भागवू, असे जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात असते. त्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासच आणि तेही सामान्यतः विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. या कमाईतून भाजीपाला आणि बसभाडे निघते. शुल्क निघत नाही. शिवाय नियम मध्येच बदलतात. २०२४ च्या जानेवारीत कॅनडाने नव्या परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, तेव्हा अर्जाच्या तयारीत वर्ष घालवलेल्या अनेकांचे बेत कोसळले.

वर्गातला अनुभव आपल्याकडच्या वर्गापेक्षा निराळा असतो. प्राध्यापकाला नावाने हाक मारायची, त्याचे म्हणणे पटले नाही तर तसे सांगायचे, हे पहिल्या आठवड्यात जिभेवर येत नाही. गप्प बसणे येथे शिस्त मानली जाते. तिथे ती तयारी न केल्याची खूण ठरू शकते. त्याहून गंभीर मामला लेखनाचा. पुस्तकातील परिच्छेद पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवण्याची आपल्याला सवय असते आणि तिला गुणही मिळतात. तेथे दुसऱ्याचे वाक्य आधार न सांगता वापरणे वाङ्मयचौर्य ठरते, आणि त्यासाठी विद्यापीठातून काढून टाकले जाऊ शकते. हेतू वाईट नव्हता, हा बचाव सहसा चालत नाही. जाण्यापूर्वी महिनाभर इतरांचे विचार आपल्या शब्दांत मांडण्याचा सराव केला, तर प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीपेक्षा तो अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

एकटेपणाविषयी मुले फारशी बोलत नाहीत. आनंदीबाईंचे पत्र घरी पोहोचायला आठवडे लागत. आज दृक्-श्राव्य संभाषण क्षणात जुळते. पण न्यूयॉर्कची रात्र म्हणजे येथील सकाळ. इकडे आई डबा भरण्याच्या घाईत, तिकडे मुलगा झोपेला आलेला. दोघेही एकमेकांना ‘सर्व ठीक’ सांगतात. घर तारण ठेवून पाठवलेल्या मुलाला नापास झाल्याचे सांगणे अवघड, आणि तारण ठेवणाऱ्या बापाला आपली चिंता सांगणे त्याहून अवघड. पडद्यावर चेहरा दिसतो म्हणून मन दिसतेच असे नाही. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक असतात. त्यांच्याकडे जाणे म्हणजे दुबळेपणाची कबुली, ही समजूत आपल्या घरांतूनच मुलांबरोबर गेलेली असते.

आतापर्यंत आपण येथून जाणाऱ्यांचा विचार केला. येथे येणाऱ्यांचाही करायला हवा, कारण आफ्रिकेतील, पश्चिम आशियातील आणि शेजारच्या देशांतील अनेक विद्यार्थ्यांचे परदेशी शिक्षण बेंगळुरूतच होते. त्यांच्या आईवडिलांनीही कर्ज काढलेले असते. इडली-सांबाराची सवय त्यांना लावून घ्यावी लागते, इंग्रजीचा येथील उच्चार समजून घ्यावा लागतो, आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून होणारा वाद कोणत्या भाषेत घालावा हा प्रश्न त्यांना सतावतो. (हा शेवटचा प्रश्न सांगलीहून आलेल्या मुलालाही चुकलेला नाही.)

२००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. ३१ मे रोजी शेकडो विद्यार्थी तेथील फ्लिंडर्स स्ट्रीट रेल्वे स्थानकासमोर निषेधासाठी जमले. त्या वेळी आपल्याकडील वृत्तपत्रे संतापाने भरून गेली होती, आणि तो संताप रास्त होता. सात वर्षांनंतर, ३१ जानेवारी २०१६ च्या रात्री, बेंगळुरूच्या उत्तर भागात हेसरघट्टा परिसरात सुदानच्या एका विद्यार्थ्याच्या मोटारीखाली सापडून एका स्त्रीचा मृत्यू झाला. जमाव खवळला. थोड्या वेळाने तेथे दुसरी मोटार आली. तिच्यात टांझानियाची एक विद्यार्थिनी आणि तिचे मित्र होते. अपघाताशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचा देशही वेगळा होता. जमावाने त्यांना मारहाण केली आणि मोटार जाळली. रंग सारखा, एवढाच त्यांचा संबंध जमावाला पुरला. पुढे अटका झाल्या, काही पोलीस निलंबित झाले, केंद्र सरकारने खेद व्यक्त केला. मेलबर्नच्या वेळी लिहिलेली कितीतरी संतप्त वाक्ये शहराचे नाव बदलून या घटनेला जशीच्या तशी लागू पडली असती.

असे प्रसंग क्वचित घडतात. रोज घडते ते लहान असते: दाखवायला ठेवलेली खोली नाव ऐकल्यावर ‘आताच दिली’ होते, किंवा अनामत रक्कम दुप्पट सांगितली जाते. भारतात एकशे ऐंशी दिवसांहून अधिक काळाच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला चौदा दिवसांच्या आत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते, आणि तिच्यासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. जागा न मिळाली तर नोंदणी अडते. नोंदणी अडली तर वर्गात बसणे अडते. घरमालकालाही विदेशी भाडेकरूची माहिती देणारा नमुना चोवीस तासांत भरून द्यावा लागतो, आणि ही कटकट नको म्हणून काही मालक सरळ नकार देतात. वास्तविक हा नमुना आता संगणकावर भरता येतो. त्यात पाहुण्याचे नाव, पासपोर्टचा क्रमांक, तो कोठून आला आणि त्याच्या व्हिसाची मुदत कधी संपते, एवढेच प्रामुख्याने लिहायचे असते.